सौदा, इसार, लिलाव



इंग्रजीतील ‘डील’ हा शब्द आज मराठी माणसाच्या तोंडी इतका रुळला आहे की, तालुक्याच्या गावी जमिनीची, ट्रॅक्टरची किंवा डाळिंबाच्या बागेची गोष्ट निघाली म्हणजे ‘डील झालं’ आणि ‘डील फिसकटलं’ हे दोन उद्गार कानी आल्यावाचून राहत नाहीत. परभाषेतून शब्द घेण्यास माझी मुळीच हरकत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देताना व्यापाराच्या शब्दांसाठी पण्यवर्ग हा एक स्वतंत्र वर्ग राखलेला होता, तरीही बाजार, दुकान, दलाल, खरेदी, सौदा हे फार्सी-अरबी वळणाचे शब्द आपल्या पेठांतून हलले नाहीत, आणि लिलाव तर पोर्तुगीजांकडून येऊन आपल्याकडे कायमचा वस्तीला राहिला. या शब्दांनी मराठीचे काही बिघडवले नाही, कारण त्यांतील प्रत्येकाने व्यवहारातली एकेक जागा नेमकी धरून ठेवली. माझे म्हणणे एवढेच आहे की ‘डील’ ही अशी कोणतीच जागा धरत नाही; आणि पैशाच्या व्यवहारात जे मोघम राहते, ते बहुधा दुबळ्या पक्षाच्या अंगावर येते.

इंग्रजी भाषेला मी येथे बोल लावत नाही. त्या भाषेत ‘डील’चा मूळ अर्थ वाटून देणे, पत्ते वाटण्याच्या क्रियेला तेथे अजूनही हाच शब्द आहे. ‘ट्रेड’ म्हणजे आरंभी वाट, नित्याचा मार्ग, आणि मग त्या वाटेने चालणारा धंदा. ‘बार्गेन’ म्हणजे घासाघीस, पण पुढे घासाघीस करून स्वस्तात पदरात पडलेल्या वस्तूलाही तेच नाव मिळाले. वस्तूस वस्तू देण्याला जो ‘बार्टर’ शब्द आहे, त्याचे मूळ तर फसवणूक या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदाशी नेऊन भिडवतात. एवढा शब्दसंभार जवळ असलेला इंग्रज गप्पांत ‘डील’ म्हणेल. दस्तऐवज करावयास बसला म्हणजे मात्र विक्रीचा करार आणि प्रत्यक्ष विक्री यांना तो वेगवेगळ्या नावांनीच लिहील. आपण त्याच्या गप्पांतला शब्द तेवढा उचलला.

जमिनीच्या व्यवहारात याचा परिणाम कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे आधी बोलणी होतात, मग भाव तुटतो, मग इसार दिला जातो, त्याची इसारपावती होते, उरलेल्या रकमेची मुदत ठरते, आणि ती पोचल्यावर सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत खरेदीखत नोंदवले जाते. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार आणि सातबाऱ्यावर नाव. या पायऱ्यांतील प्रत्येकीला नाव आहे आणि प्रत्येक नावामागे हक्काची निराळी स्थिती आहे. 1882 सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 54 वे कलम स्पष्ट सांगते की, विक्रीच्या करारामुळे त्या मिळकतीत कोणताही हक्क आपोआप उत्पन्न होत नाही, आणि शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत विकावयाची तर नोंदणीकृत दस्तच हवा. आता मुलीच्या लग्नासाठी दोन एकर काढणारा शेतकरी इसाराची रक्कम हाती येताच ‘डील झालं’ असे घरी येऊन सांगतो, त्या भरवशावर कार्यालय ठरवतो, सोनाराकडे शब्द टाकून येतो. आणि घेणारा मात्र मुदत संपेपर्यंत दुसरे चढे गिऱ्हाईक हुडकत हिंडत असतो. ‘इसार झाला आहे, खरेदी व्हायची आहे’ असे म्हणण्याची सवय ज्या घरात टिकून आहे, त्या घरात बाकीची रक्कम येईपर्यंत कोणी निर्धास्त बसत नाही.

सौद्याचे दुसरे रूप मला याहून महत्त्वाचे वाटते, आणि ते भाव कोणाच्या देखत ठरला या प्रश्नाशी निगडित आहे. गुरांच्या बाजारात दलाल आणि घेणारा एकमेकांचे हात उपरण्याखाली किंवा रुमालाखाली घेतात. तोंडाने अवाक्षर न काढता बोटे धरून, दाबून, सोडून आकडे सांगितले जातात. एकाने मान हलवली की दुसरा पुन्हा बोटे चाचपतो. आपल्या भाषेने या विद्येला ‘करपल्लवी’ असे देखणे नाव दिले आहे. नाव देखणे असले तरी रीत देखणी नव्हती. हीच रीत धान्याच्या आणि कापसाच्या बाजारांतही चालत असे, आणि ज्याचा माल, तो शेतकरी गाडीच्या जुवाशी उभा राहून त्या हलणाऱ्या रुमालाकडे पाहत राही. सौदा त्याच्या मालाचा होता, पण त्यातला आकडा त्याला सर्वांच्या शेवटी कळे. आणि कळे तेव्हा त्यातून अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि कडता वजा झालेला असे. यांतील अडत आणि हमाली यांचा जाब तरी विचारता येई. परंतु धर्मादाय कोणत्या धर्मासाठी आणि कडता कोणत्या तुटीसाठी, हे विचारण्याची सोय नव्हती.

ही रीत मोडण्यास फार काळ लागला. वऱ्हाडातील कारंजा येथे 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. 1928 च्या शाही शेतकी आयोगाच्या अहवालाने नियंत्रित बाजारांची आवश्यकता आग्रहाने मांडली. मुंबई इलाख्याचा शेतमाल बाजारांचा कायदा 1939 चा, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा 1963 चा. यांतून उभ्या राहिलेल्या बाजार समित्यांवर आज पुष्कळ आक्षेप घेतले जातात आणि त्यांतले काही सार्थही आहेत. पण रुमालाच्या जागी उघड लिलाव आणण्याचे श्रेय त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

वायद्याविषयी थोडक्यात सांगतो. वायदा म्हणजे वचन. माल पुढे, भाव आज. मुंबईत 1875 साली कापसाच्या वायद्यांसाठी व्यापाऱ्यांची संस्था निघाली. ज्याच्या कोठीत कापूस आहे त्याचा वायदा आणि ज्याने कापसाचे बोंडही पाहिले नाही त्याचा सट्टा, हा भेद मराठी बोलणारा माणूस आजही शब्दानेच करतो, आणि ‘डील’ म्हटल्याबरोबर तो पुसला जातो.

लिलावाकडे पुन्हा वळतो, कारण तेथे शेतकऱ्याच्या हाती एक गोष्ट अजून शिल्लक आहे. कांद्याची गाडी आवारात लागली, गोण्या किंवा ढीग उघडा केला, व्यापाऱ्यांचा घोळका भोवती आला, की बोली चढत जाते आणि एका आकड्यावर थांबते. तो आकडा सर्वांना ऐकू येतो, गाडीवाल्यालाही. पसंत नसल्यास त्याने ‘द्यायचा नाही’ असे तेथेच, त्याच घोळक्यात, मोठ्याने म्हणावे. तेवढ्या दोन शब्दांनी सौदा मोडतो आणि मालावरचा त्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. भाड्याची गाडी, नाशिवंत माल आणि मावळतीला आलेला दिवस यांच्या दडपणाखाली हे शब्द पुष्कळदा ओठांतच राहतात, हे मी जाणतो. म्हणूनच बाजाराच्या आवारात माल ठेवण्यास गोदाम आणि त्या मालावर तारणकर्ज, या दोन सोयी प्रत्येक समितीने लिलावाइतक्याच अगत्याने कराव्यात, अशी मागणी मी या व्यासपीठावरून करतो.