महाग पेट्रोल आणि मोटारीचा पल्ला

बुलढाणा जिल्ह्यांतील वडनेर भोलजी हें गांव मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसलें आहे. तेथून मोटारीनें लांबच्या प्रवासास निघणाऱ्या गृहस्थापुढें पेट्रोल भरतांना एक प्रश्न उभा राहतो : साधें पेट्रोल घ्यावें, कीं अधिक पैसे देऊन ‘प्रीमियम’ घ्यावें? महाग तें चांगलें, या समजुतीनेंच पुष्कळदां उत्तर ठरतें. परंतु हा पैसा घरखर्चांतून जावयाचा असल्यामुळें, मोबदल्यांत पदरांत काय पडतें हें पाहणें अगत्याचें आहे.

९१, ९५, १०० हे पेट्रोलाचे ऑक्टेन-अंक होत. ते पेट्रोलाची शक्ति सांगत नाहींत, सहनशीलता सांगतात. सिलिंडरांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबलें जातें आणि ठिणगीनें पेटविलें जातें. दाब व उष्णता फार झाली, तर त्याचा कांहीं भाग ज्योत पोंचण्याआधींच आपोआप पेटतो आणि इंजिनांत खटखट होते. ऑक्टेन जितका अधिक, तितका हा दाब पेट्रोल अधिक सोसतें. शक्ति आणि सहनशीलता भिन्न आहेत याचें उत्तम उदाहरण इथेनॉल. त्याचा ऑक्टेन शंभराहून अधिक. पण एका लिटरांतून मिळणारी उष्णता पेट्रोलाच्या सुमारें दोन-तृतीयांशच!

मग अधिक ऑक्टेन निरुपयोगी कीं काय? मुळींच नाहीं. १९४० सालीं ब्रिटिश लढाऊ विमानांत १०० ऑक्टेनचें पेट्रोल वापरलें गेलें, तेव्हां इंजिनांत हवा अधिक दाबानें भरतां येऊन त्यांचा जोर वाढला. इंजिन त्या दाबाचा उपयोग करूं शकत होतें, म्हणूनच हा लाभ झाला. आजच्या कांहीं टर्बो मोटारींचेंही तसेंच आहे. उच्च ऑक्टेन आवश्यक असतां हलकें पेट्रोल भरलें, तर खटखट टाळण्यासाठीं इंजिनाची यंत्रणा ठिणगीची वेळ मागें सारते; जोर घटतो आणि पेट्रोलही अधिक जळतें. तेथें काटकसर महागांत पडते.

परंतु जी मोटार साध्या पेट्रोलासाठींच बनविली आहे व जिच्यांत खटखट नाहीं, तिला या औषधाचा गुण कसा यावा? प्रीमियम पेट्रोलांत मळ दूर करणारीं द्रव्येंही असतात. मळ सांचलेल्या इंजिनास तीं उपकारक ठरूं शकतात. स्वच्छ इंजिनाचा पल्ला मात्र त्यांनीं फारसा वाढत नाहीं.

आतां हिशेब पाहावा. साधें पेट्रोल १०० रुपये व प्रीमियम १०८ रुपये लिटर धरूं. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार महिन्यास १,००० किलोमीटर फिरली, तर साध्या पेट्रोलास सुमारें ६,६६७ रुपये लागतील. पल्ला तोच राहिल्यास प्रीमियमला ७,२०० रुपये मोजावे लागतील. ही ५३३ रुपयांची तूट भरून येण्यास मोटारीनें लिटरला १६.२ किलोमीटर जावयास हवें. तशी ती जाते काय, हें टाकी कांहीं वेळां पूर्ण भरून, त्याच रस्त्यावर, त्याच वेगानें चालवून व नोंद ठेवून कोणासही ताडून पाहतां येईल.

मोटारीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत आवश्यक ऑक्टेन छापलेला असतो. तो वाचावा, तेवढेंच पेट्रोल भरावें. आणि उरलेल्या पैशांतून चाकांतील हवा व इंजिनाची निगा राखावी. पल्ला वाढविण्याचा तोच अधिक खात्रीचा मार्ग होय.