पाटीला हात लावण्याआधी

   

राज्यभरातले पाळण्यांच्या आणि पाण्याच्या उद्यानांचे लोक आज वडप्याला जमलेत, आणि अध्यक्ष म्हणून गेल्या काही वर्षांचा आढावा मी घ्यायचा आहे. २०१७च्या जुलैत आपल्यावर २८ टक्के जीएसटी बसला, २०१८च्या जानेवारीत तो १८वर आला. कोविडनं दोन उन्हाळे कोरडे घालवले. १९८९ पासून चाललेलं गोराईचं एस्सेलवर्ल्ड २०२२मध्ये बंद झालं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला आणि नागपूरचा माणूस इथपर्यंत सरळ येऊ लागला. बाकीचं छापील अहवालात आहे, तो घरी नेऊन वाचा. मला आज वेगळं बोलायचं आहे. कित्येक वर्षं मी ते बैठकांमध्ये गिळत आलो; आज माइक माझ्या हातात आहे.

सकाळच्या परिसंवादात प्रश्न होता, उद्यानाची ओळख बदलली की नावही बदलावं का? आमच्या तरुण मित्रांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की बदलावं. त्यांचं म्हणणं असं: पाटीवर ‘वॉटर पार्क’ लिहिलेलं, पण निम्मं उत्पन्न लग्नाच्या लॉनवर आणि कंपन्यांच्या आउटिंगवर. भोवती भातशेती होती तिथं गोदामं आली. गिऱ्हाईक बदललं, मग जुनं नाव गळ्यात का बाळगायचं? टाळ्याही पडल्या. मी वाजवल्या नाहीत, ते काहींनी पाहिलं असेल.

मी या धंद्यात मालक म्हणून आलो नाही. शहापूर, मुरबाड, वाडा या तालुक्यांतल्या शाळांमध्ये फिरून सहली गोळा करत आलो. तेव्हाची एक गोष्ट सांगतो. एका उद्यानानं, नाव सांगणार नाही, ऐन नोव्हेंबरात नाव बदललं. नवी पाटी, नवी पत्रकं, गणवेशावर नवं चिन्ह. सहलींचा हंगाम तोंडावर. मी पत्रकं घेऊन एका मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “हे कुठलं? आमची पोरं दरवर्षी जातात ते नव्हे?” तेच आहे, म्हटलं. त्यांनी कपाटातून फाइल काढली. पालकांची संमतीपत्रं जुन्या नावाची. परवानगीचा अर्ज जुन्या नावाचा. एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराची गाडी सांगितलेली, तीही जुन्या नावाला. सर म्हणाले, “आईबापांनी सही केली ती या नावावर. उद्या पाण्यात एखाद्याला काही झालं आणि कागदावर दुसरंच नाव निघालं, तर मी कुणापुढे उभा राहू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुन्हा संमतीपत्रं वाटली. वीटभट्टीवर गेलेल्या पालकांच्या सह्या मिळेनात. ती शाळा त्या वर्षी किल्ल्यावर गेली आणि पुढेही किल्ल्यावरच जात राहिली. हे मी त्या उद्यानाच्या कचेरीत जाऊन सांगितलं. तिथल्या साहेबांनी मला नव्या नावाचा मग भेट दिला.

सांगायचं एवढंच की नाव बदलायचं ठरवणाऱ्या खोलीत तिकीटखिडकीवरचा माणूस नसतो, सहलवाला नसतो, लाइफगार्ड नसतो. सल्लागार असतो, बँकवाला असतो आणि नवा भागीदार असतो. उद्यानाची ओळख बदलली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बदललेला असतो सातबारा किंवा शेअर. वेव्ह पूल तोच असतो. त्यातलं पाणीही, मी नको तेवढं बोलतो आहे, पुष्कळदा तेच असतं.

तरुण मित्रांनी केरळचा दाखला दिला. कोचीचं वीगालँड २००० साली सुरू झालं. व्ही-गार्ड म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझरची कंपनी, तिच्यावरून ते नाव. पुढे त्याच लोकांनी बंगळूरला वंडरला काढलं आणि २०११मध्ये कोचीचं नावही वंडरला करून टाकलं. धंदा बुडाला नाही, उलट वाढला. मान्य. पण नीट पाहा, मालक तोच, व्यवस्था तीच आणि नवं नाव आधी दुसऱ्या गावात चालवून पाहिलेलं. इतकी कळ काढणारा मालक मला महाराष्ट्रात दाखवा, मी लगेच खाली बसतो.

आपल्याकडचा दाखला खोपोलीचा घ्या. मनमोहन शेट्टींनी २०१३मध्ये ॲडलॅब्स इमॅजिका उघडलं. ॲडलॅब्स ही मुळात चित्रपटांच्या फिती धुणारी प्रयोगशाळा. गंमत अशी की त्या नावाची चित्रपट कंपनी त्याआधीच रिलायन्सकडे गेली होती आणि तिचं नावही बदललं होतं. ज्या पोरांनी जन्मात निगेटिव्ह पाहिली नाही, ती प्रयोगशाळेचं नाव घेत रोलर कोस्टरवर किंचाळत होती. पुढे ॲडलॅब्स गळलं, इमॅजिका उरलं. २०२२मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे कारभार आला. त्यांचं स्वतःचं ‘वेट एन जॉय’ शिर्डीला नि लोणावळ्याला गाजत होतं, तरी त्यांनी खोपोलीच्या गेटवर ते डकवलं नाही. हे शहाणपण आहे, आणि ते संगमनेरहून आलं याचा मला आनंद वाटतो. परदेशातही तेच. पॅरिसजवळचं युरो डिस्ने १९९२ला उघडलं आणि १९९४मध्ये डिस्नेलँड पॅरिस झालं. फ्लोरिडातल्या डिस्ने-एमजीएम स्टुडिओजमधून २००८मध्ये एमजीएम गेलं. डिस्नेला कुणी हात लावला का? उपरं निघालं, पोरांच्या तोंडातलं राहिलं.

म्हणजे मी हटवादी नाही. मालकाचं, भागीदाराचं, प्रायोजकाचं नाव पाटीवर असेल आणि तो गेला असेल, तर खुशाल पुसा. ज्या नावाला पोर हट्ट धरून बसतं, त्याला हात लावायचा नाही. तिथं लॉन केलंत, हॉटेल बांधलंत, घसरगुंड्या काढून बर्फ आणलात, तरी नाही. ते नाव तुमच्याकडे ठेव म्हणून आहे, ती मोडायची परवानगी ठेवीदारानं दिलेली नाही.

भायखळ्याचं पाहा. व्हिक्टोरिया गार्डन्सचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, योग्यच झालं. परक्या राणीचं नाव आपण का मिरवावं? आत तर ओळख इतकी बदलली की २०१७पासून तिथं पेंग्विन बघायला रांगा लागतात. पण लालबागची आजी नातवाला कुठं नेते? राणीच्या बागेत. महापालिकेनं त्या आजीशी भांडण काढलं नाही. पुण्याच्या पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला गेले, तरी पेशवे पार्क पेशवे पार्कच राहिलं आणि १९५६ची फुलराणी फुलराणीच. दिल्लीचं अप्पूघर ज्या १९८२च्या एशियाडच्या हत्तीवरून नाव घेऊन १९८४मध्ये उघडलं, तो हत्ती आजच्या पोरांना ठाऊक नाही. उद्यान २००८मध्ये बंदही झालं. आमच्या निगडीत मात्र त्याच नावाचं उद्यान आहे, तिथं अप्पूघर म्हटलं की रिक्षावाला दुसरा प्रश्न विचारत नाही.

इथल्या मित्रांपैकी कुणीतरी असंही म्हणालं की भिवंडीजवळच्या शांग्रिला उद्यानासारखी नावं आता कुणाला कळत नाहीत. कधी कळत होती? जेम्स हिल्टन नावाच्या इंग्रज लेखकानं १९३३च्या कादंबरीत रचलेली ती डोंगरातली काल्पनिक जागा. भिवंडीच्या यंत्रमाग कामगारानं बायकोपोरांना रविवारी तिथं नेलं ते कादंबरी वाचून नव्हे. न कळणारं नाव त्यानं वापरून वापरून आपलं केलं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आपल्या डोंगरातल्या मुक्कामालाही शांग्रिलाच नाव दिलं होतं. १९५३मध्ये आयझेनहॉवरनी ते बदलून कॅम्प डेव्हिड केलं, नातवाच्या नावावरून. नातवासाठी कुणी नाव बदलत असेल तर मी वाद घालत नाही. सल्लागाराच्या बिलासाठी बदलत असेल तर घालीन. उलट चीनमध्ये युन्नान प्रांतातल्या एका अख्ख्या परगण्यानं २००१मध्ये पर्यटक यावेत म्हणून शांग्रिला हे नाव घेतलं. म्हणजे तिकडे ज्या नावासाठी परगणा आपलं जुनं नाव सोडतो, ते आमच्या परिसंवादात भंगारात काढलं जातं!

आता पुढचं काम. नाव बदलण्याआधी एक हंगाम दोन्ही नावं पाटीवर ठेवावीत, असा काहीसा नियम व्हावा असं मनात आहे. नेमके शब्द ठरलेले नाहीत. राज्यातल्या उद्यानांची जुनी नावं, पत्रकं, तिकिटांचे नमुने गोळा करून एक वही करावी, असंही वाटतं. कोण करणार, पैसा कुठला, हे कार्यकारिणीनं पाहावं. एखादी समिती नेमली तर मी तिच्यात नसेन, माझा समित्यांवर विश्वास राहिलेला नाही. आणि जाहिरातीत ‘मुंबईजवळ’ असं मोठ्या अक्षरात लिहिता, त्याखाली वडपे, आमणे, कुकसे, जे गाव असेल ते निदान त्याच मापाच्या अक्षरात लिहा. तुमच्या पाण्याकाठी दिवसभर शिटी तोंडात धरून उभा राहणारा पोरगा त्याच गावचा आहे.

दोन्ही नावांच्या नियमाचा कच्चा ठराव सचिवांच्या टेबलावर आहे. परिसंवादातल्या मित्रांना त्याविरुद्ध मत नोंदवायचं असेल तर त्यांनी जेवणाच्या सुट्टीआधी नोंदवावं. जेवणानंतर मी कुणाचं ऐकणार नाही.