ग्रामीण स्त्री, दवाखाना आणि निवडीचा प्रश्न
(रायपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



छत्तीसगढच्या खेड्यातील स्त्री आजारी पडली की आधी बैगाकडे जाते, बाळंतपणाला सुईण बोलावते आणि सरकारी दवाखान्यात अगदी शेवटी पोहोचते. यावरून ती अज्ञानी व अंधश्रद्ध आहे, असा निष्कर्ष सुशिक्षित वर्ग सहज काढून मोकळा होतो. अंधश्रद्धा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही; परंतु हा निष्कर्ष अपुरा आहे. बैगा गावातच राहतो आणि रात्रीबेरात्री येतो. दवाखान्यासाठी मात्र दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे मोजावे लागते, मुले कोणाकडे तरी सोपवावी लागतात. पुष्कळदा नवऱ्याची वा सासूची संमतीही लागते. एवढे करून डॉक्टर भेटतील आणि माणुसकीने बोलतील, याची शाश्वती नसते. ती हिशेब करते. त्या हिशेबाच्या अटी मात्र तिने ठरविलेल्या नसतात.

या अटी बदलता येतात, हे येथून दक्षिणेस असलेल्या दल्ली राजहराच्या खाणकामगारांनी दाखवून दिले. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणारे हे कंत्राटी कामगार 1977 साली जुन्या संघटना सोडून शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघात एकत्र आले. त्याच वर्षी जूनच्या 2 व 3 तारखांना झालेल्या पोलीस गोळीबारात 11 जणांचा बळी गेला. पुढे संघाच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात योग्य उपचारांअभावी मृत्यू पावल्या. त्या आघातातून कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमांतून दवाखाना उभारला. 3 जून 1983 रोजी सुरू झालेले ते शहीद हॉस्पिटल. तेथे आरोग्यसेवक म्हणून कामगार कुटुंबांतीलच माणसे तयार झाली. त्यामुळे रुग्ण स्त्रीला ती वास्तू परकी राहिली नाही.

2002 साली राज्यशासनाने मितानिन योजना सुरू केली. ‘मितानिन’ या छत्तीसगढी शब्दाचे भाषांतर करताना ‘मैत्रीण’ हा शब्द तोकडा पडतो. विधिपूर्वक जोडलेले, जातीचे कुंपण ओलांडू शकणारे आणि आयुष्यभर पाळायचे असे ते नाते आहे. वस्तीतीलच एक स्त्री सोबत असली की दवाखान्याची पायरी चढणे सोपे होते. 2005 नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेने याच अनुभवाचा आधार घेतला. तथापि या स्त्रियांना सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा आजही मिळालेला नाही.

परंतु केवळ सोय जवळ आली म्हणजे निवड स्वतंत्र झाली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. 8 नोव्हेंबर 2014 रोजी बिलासपूरजवळच्या एका शिबिरात एकाच शल्यविशारदाने एका दिवसात 83 स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. त्या जिल्ह्यातील शिबिरांनंतर 13 स्त्रिया दगावल्या. पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी असूनही कुटुंबनियोजनाचा भार स्त्रीवरच टाकला जातो, हे त्यामागील सत्य आहे. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली दिला.

आपल्या महाराष्ट्रातही चित्र निराळे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली गाजला. मुकादमाची उचल फेडायची असते, खाडा पडला तर दंड बसतो. मग पाळीचे चार दिवसही परवडत नाहीत. खाजगी डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतो आणि ती ‘होय’ म्हणते. या होकाराला निवड म्हणावयाचे काय?

म्हणूनच उपदेशाची मोहीम पुरेशी नाही. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील आरोग्य केंद्रात डॉक्टर केव्हा असतात, कोणती औषधे बाहेरून आणावी लागतात, याची नोंद ठेवावी. उपचाराच्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये, ही मागणी शेतमजूर व ऊसतोड कामगारांच्या मागणीपत्रकात समाविष्ट करावी. आशा व मितानिन यांच्या वेतनाच्या लढ्यात त्यांच्या पाठीशी उभे राहावे. आणि या कामाचे नेतृत्व त्या त्या वस्तीतील स्त्रियांकडेच सोपवावे.