मोटारीची जड काच

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरांत बंद मोटारींत अडकून कांहीं जणांस प्राण गमवावे लागले. म्हणून अंधेरी-घाटकोपरकडे जुनी मोटार बाळगणाऱ्यांनीं विजेवरील काच जड झाली तर उपेक्षा करूं नये. दोष नेहमींच यंत्राचा नसतो. खोबणींतील रबर सुकून काच अडते व यंत्रावर भार पडतो. रबर ओल्या फडक्यानें पुसून सिलिकॉनचें वंगण लावावें. खनिज तेलानें तें फुगतें. फाटलेली पट्टी बदलावी. दाराच्या पोटांत थोडें पाणी शिरणारच. तळाचीं छिद्रें मोकळीं ठेवावीं, अन्यथा पत्रा गंजतो. पुरांत वीज दगा देते. पाणी चढण्यापूर्वींच काच उतरवावी. मात्र ही झडती वैशाखांतच घ्यावी.