बेंबीचा अंतर्गळ : टाका की जाळी?

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील निंबर्गा हे सीमाभागातील गाव. हा तुरीचा मुलूख. येथे पोती वाहणाऱ्या गड्याच्या बेंबीवर बोराएवढा फुगवटा येतो. तो खोकताना वर येतो, निजल्यावर आत जातो. दुखत नाही, म्हणून गडी म्हणतो, ‘रास झाल्यावर पाहू.’ कोणी वर नाणे ठेवून पट्टा आवळतो.

तान्ह्या मुलाच्या बेंबीची फट बहुधा आपोआप मिटते. प्रौढाची मिटत नाही. पट्ट्याने फुगवटा दबतो, भोक बुजत नाही. ते शस्त्रक्रियेनेच बुजते. मग ते नुसते शिवावे, की त्यास जाळीचा आधार द्यावा?

शिवण्याची रीत जुनी. अमेरिकन शल्यवैद्य विल्यम मेयो यांनी १९०१ साली एक कड दुसरीवर चढवून शिवण्याची पद्धत वर्णिली. परंतु फाटके पोते ओढून शिवले, तर दोऱ्यालगत पुन्हा उसवते; पोटाच्या भिंतीचेही तसेच. जाळी हा ताण वाटून घेते. तिच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढतात आणि ती भिंतीशी एकजीव होते.

युरोपातील ३०० रुग्णांवर या दोन रीतींची तुलना झाली; तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. भोके १ ते ४ सेंटिमीटरची होती. नुसत्या टाक्यांनंतर शेकडा १२ जणांचा अंतर्गळ उलटला. जाळीनंतर शेकडा ४ जणांचा. म्हणून भोक सेंटिमीटरहून लहान असेल तर टाके पुरू शकतात. त्याहून मोठ्यास सामान्यतः जाळी बरी. ती भोकाच्या चहूबाजूंस सुमारे ३ सेंटिमीटर पसरावी. दुर्बिणीची शस्त्रक्रिया मुख्यतः मोठ्या भोकांसाठी, किंवा जखम चिघळण्याचा धोका अधिक असेल त्यांच्यासाठी विचारात घेतात.

जाळी निर्दोष नाही. क्वचित तिला जंतुसंसर्ग होतो. म्हणून आधी धूम्रपान सोडावे, मधुमेह आटोक्यात आणावा, वजन उतरवावे.

मात्र फुगवटा कठीण झाला, आत जाईना, दुखू लागला, उलट्या झाल्या, तर आतडे अडकले असण्याचा संभव असतो. तेव्हा राशीची वाट पाहू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. कलबुर्गी व सोलापूर या दोन्ही शहरांत १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

एरवी शल्यवैद्यास निःसंकोच विचारावे, ‘भोक किती सेंटिमीटरचे आहे?’ टाका की जाळी, याचा विचार त्या उत्तरापासून सुरू होतो.