संघटना, संप आणि आपण
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर संपाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आपण मुलांना सांगतो. ती मजुरी एकट्याने मागितली, तर मालक दुसरा मजूर आणतो. सर्वांनी मिळून मागितली, तर त्याला ऐकावे लागते. युनियनचे मर्म एवढेच आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, ती याच प्रयत्नांतून. पुढे संविधानाने संघटनेचा हक्क मूलभूत मानला. संप हा मात्र मूलभूत हक्क नसून कायद्याच्या चौकटीतला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सांगितले. म्हणूनच हा हक्क जपून वापरावा लागतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मदनपुऱ्यातील मोमीन विणकरांचाही गिरण्यांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता. संप वर्षाहून अधिक चालला, हजारो संसार उद्‌ध्वस्त झाले. तरी बाजारात कापड येतच होते, कारण भिवंडीचे यंत्रमाग चालू होते. तिथला कारागीर कोणाचा वैरी नव्हता. तोही पोटासाठीच राबत होता. पण बहुतेकांचे नाव हजेरीपटावर नव्हते, पाठीशी युनियन नव्हती. फॅक्टरी कायद्याची १० कामगारांची मर्यादा चुकवण्यासाठी एकाच छपराखालचे माग निरनिराळ्या नावांवर दाखवले जात. अशा कारागिराचा हक्क कागदावरच राहिला, आणि गिरणी कामगाराचा संपही दुबळा झाला.

बोध स्पष्ट आहे. सर्वांत दुबळ्या कामगाराला सोबत घेतल्यावाचून कोणतीही युनियन बळकट होत नाही. संप हे शेवटचे हत्यार. त्याआधी हिशेब, बोलणी आणि रीतसर नोटीस हवी.

पालकहो, नेमणुकीचे पत्र व पगाराची पावती मागून घ्या. विद्यार्थी मित्रांनो, ती पावती वडिलांना वाचून दाखवा, कपात कशाची ते समजावून सांगा, शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्या. गर्जना करणारे पुढारी पुष्कळ मिळतात; युनियनला हिशेब वाचणारा माणूस हवा असतो. तो आपल्या शाळेतून घडावा, हीच दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद!