पातेलं नवं आहे
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला विषय दिलाय ‘खाद्यसंस्कृती आणि शेजारधर्म’. डब्यांबद्दल मी बोलणारच आहे, पण आधी एक पत्र वाचून दाखवते. सोसायटीच्या जुन्या फायलीत सापडलं.

“आपल्या सदनिकेतून येणाऱ्या उग्र वासामुळे इतर सभासदांना त्रास होतो. तरी आवश्यक ती दक्षता घ्यावी.” जावक क्रमांक ७, सन २००१. खाली सही सेक्रेटरीची, म्हणजे माझी.

नोंदणी होऊन वर्षच झालं होतं. लेटरहेड नवीन छापून आलेलं, आणि ते वापरायची मला भारी हौस. पत्र गेलं दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणी कुटुंबाला. वास सुकटाचा होता. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून कोकणात सुकट, बोंबील उन्हात वाळवून आधीच बेगमी करून ठेवतात. आपण पापड-कुरडया करतो, तसंच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण तेव्हा मला त्याची पर्वा नव्हती.

पत्राला उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी मात्र बंद. मे महिन्यातसुद्धा. जिन्यात समोरासमोर आलो की दोघी खाली बघायचो.

मग आली २६ जुलै २००५. त्या दिवशीचा पाऊस इथं कोणाला सांगायला नको. लोकल बंद, वीज नाही, फोन लागत नाहीत. आमचे हे फोर्टला अडकलेले. घरात मी, दोन मुलं आणि मधुमेहाच्या सासूबाई. आणि नेमका दुपारीच गॅस संपला. साडेआठच्या सुमाराला दार वाजलं. हातात मेणबत्ती घेऊन त्या वहिनी उभ्या. काखेला झाकलेलं पातेलं. त्यांचेही यजमान घरी पोचले नव्हते.

माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “वयनी, पातेलां नवां आसा. तेच्यात कधी मासे शिजवूक नाय.”

आत कुळथाची पिठी होती, वर वाटीत भात. सासूबाई पोटभर जेवल्या. माझ्या घशाखाली घास उतरायला वेळ लागला. मी काय खात नाही हे या बाईला चार वर्षं पक्कं ठाऊक होतं आणि त्या घरात काय शिजतं, का शिजतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पत्र लिहायला मात्र दहा मिनिटं पुरली होती.

पातेलं परत करायला गेले तेव्हा रिकामं कसं न्यायचं, म्हणून त्यात खोबऱ्याच्या वड्या घातल्या. तिथून आमची ये-जा सुरू झाली. माफी मी नंतर कधीतरी मागितली, तीही धड नाही. म्हणून आज, त्यांना विचारूनच, सगळ्यांसमोर मागते आहे.

तेव्हापासून मला विचारायची सवय लागली, आणि विचारलं की गंमत कळते. बी विंगमधल्या गुजराती बेनची शीतळा सातम आणि तळमजल्यावरच्या सिंधी आंटींची थदडी, दोन्ही श्रावण वद्य सप्तमीला. दोन्ही घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, आदल्या दिवशी केलेलं गार खायचं. वर्षानुवर्षं एका जिन्यात राहून दोघींना पत्ता नव्हता! आता त्या दिवशी थेपले खाली जातात आणि गोड लोले वर येतात.

सगळं इतकं सरळ नसतं. नवरात्रात आमचा उपास आणि त्याच दिवसांत चौथ्या मजल्यावरच्या बंगाली घरात दुर्गापूजेचं मटण. त्यांच्यासाठी तो सण, आमच्यासाठी ते चालत नाही. यातून काही तडजोड निघत नाही, आणि काढायचीही नाही. तुम्ही तुमचं खा, दशमीला मिष्टी पाठवा, एवढंच. जैन शेजाऱ्यांना बटाटा नसलेलाच वडा देता येईल असा शोध अजून लागलेला नाही. त्यांना मी मुगाची भजी देते, कांदा-लसूण न घालता, दिवस मावळायच्या आत. उशीर झाला तर सकाळी. खिलवायची हौस म्हणून कोणाचा नेम मोडायला लावू नये. ईदला शीरखुर्मा येतो तेव्हा मुलांच्या उड्या पडतात, त्याबद्दल वेगळं काय सांगू!

आता जरा अप्रिय बोलते. सणाच्या दिवशी बोलू नये, तरी. मागच्या वार्षिक सभेत एक सूचना आली, की मांसाहारी भाडेकरूंना फ्लॅट देऊ नयेत, तसा ठराव करावा. वेळ संपली म्हणून विषय पुढच्या सभेवर गेला. सूचना मांडणारे माझे चांगले शेजारी आहेत आणि त्यांचा त्रास खोटा नाही. डक्टमधून वास वर चढतो, मलाही येतो. त्यावर एक्झॉस्ट फॅनचा उपाय आहे, कचरा रोज नीट बांधून टाकायचा उपाय आहे. पण ठराव झाला तर उद्या अंधारात पातेलं घेऊन कोण येणार, ते आपण आजच ठरवून टाकू. पुढच्या सभेत जावक क्रमांक ७ मी वाचून दाखवणार आहे, मग मत द्या.

मी आजही मासे खात नाही. पण दुसऱ्या मजल्याची खिडकी आता उघडी असते, आणि सुकट भाजल्याचा वास आला की मला कळतं, त्यांचा मुलगा बंगळूरहून आलाय.

बरं, जेवणाचं. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची पंगत साडेपाचला, गच्चीवर. बाकीच्यांची साडेसातनंतर. मासे-मटणाचं टेबल वेगळं आहे, पाट्या लावल्यात. शाकाहारी टेबलावर कडेला पोचा आलेलं एक जुनं पातेलं दिसेल. त्यात कुळथाची पिठी आहे. लवकर संपते.